उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान लेकरांसोबत काय काय करता येईल? (छत्रपती संभाजीनगर, सिडको-हडको आणि आसपास)

अंगणवेल

शाळांचे निकाल लागले. आता जूनच्या मध्यापर्यंत लेकरं घरी. माझी थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. आम्ही सिडकोत राहतो. आजूबाजूच्या गल्ल्यांत याच वयाची बरीच पोरं आहेत आणि सध्या सगळ्या घरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "आई, मी आता काय करू?"

समर कॅम्पची पत्रकं दारात येऊन पडलीत. माझा आक्षेप फीपेक्षा वेळेवर आहे. बहुतेक कॅम्प नऊला भरतात आणि बाराला सुटतात. म्हणजे मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना, लेकराला गाडीवर पुढं उभं करून भर दुपारी घरी आणायचं. चार वर्षांच्या पोरासाठी हे कशाला? आपल्याकडं उन्हाळ्यात दिवसाचे दोनच तुकडे बाहेर पडण्याजोगे असतात: सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहानंतर. सुट्टी या दोन तुकड्यांवर आखावी आणि गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून आखावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्या आईवर किंवा एकट्या आजीवर ती पडली की शेवटी मोबाईल हातात जातोच.

जवळचं, फार पैसे न लागणारं आणि चार वर्षांचं पोर दमणार नाही असं काही हवंय. नुसती ठिकाणांची नावं नकोत. तिथं जाऊन लेकरं नेमकं काय करतात, ते लिहा.

दिल्लीगेटकर

पहिलं नाव हिमायतबागेचं. मुघलांच्या काळातली बाग, आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथं आहे. आंब्याची आणि चिंचेची जुनी झाडं आहेत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, त्यामुळं लेकरांना घेऊन जायला धास्ती वाटत नाही.

आम्ही प्रत्येक पोराच्या हातात एक कापडी पिशवी देतो. नियम एकच, खाली पडलेलं उचलायचं, झाडाला हात लावायचा नाही. घरी आल्यावर अंगणात पेपर पसरून सगळं मांडायचं. परवा नातीच्या पिशवीतून करंजाच्या शेंगा, चिंचोके, कावळ्याचं एक पीस आणि पाखरानं अर्धी खाल्लेली कैरी निघाली. त्या कैरीवर चोचीचे बारीक त्रिकोणी व्रण होते. ती कितीतरी वेळ ते व्रण बोटानं चाचपत बसली आणि मग "हे पोपटाचं काम का खारीचं?" यावर दोघी बहिणींचं जुंपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला उठवलं, कारण पोपट खाताना बघायचा होता.

बागेत शक्कर बावडी आहे. तिकडं लहान पोरांना हात धरल्याशिवाय नेऊ नका. समोरच सलीम अली सरोवर आहे. साधी दुर्बीण असली तरी कडेनं बरेच पक्षी दिसतात.

सहा वर्षांच्या पुढची पोरं असतील तर गोगाबाबा टेकडी. पण तिच्यावर सावली नाही, म्हणून उजाडताना चढायला लागायचं आणि साडेसातच्या आत खाली यायचं. वरून बीबी का मकबरा आणि विद्यापीठाचा परिसर दिसतो. आपलं घर कुठल्या बाजूला, हे पोरांना शोधायला लावा.

खापरीनळ

पाणचक्कीचं, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या जुन्या जात्याचं लिहितो, कारण बहुतेक लोक तिथं फोटो काढतात आणि निघतात. पाच वर्षांच्या पोरालाही ती समजते, फक्त नीट दाखवायला पाहिजे.

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं आपलं शहर, वसवलं. खाम नदी उन्हाळ्यात आटायची, म्हणून त्यानं उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. पुढं त्याच पद्धतीनं आणखी नहरी, म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे मार्ग, झाल्या. पाणचक्कीला येणारं पाणीही डोंगराकडून मातीच्या, म्हणजे खापरी नळांतून, नुसत्या उतारावर वाहत येतं. कुठंही पंप नाही. ते उंच भिंतीवर चढतं, तिथून हौदात पडतं आणि त्याच जोरावर खालचं पातं फिरून जातं फिरतं. पूर्वी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी तिथं दळण व्हायचं.

"पाणी वर कसं चढलं?" हा प्रश्न पोरं विचारतातच. त्याचं उत्तर घरी द्या. एक पारदर्शक नळी घ्या, यू आकारात धरा, एका तोंडानं पाणी ओता. दुसऱ्या बाजूनं तेवढंच वर येतं. माझ्या मुलानं नळीत हळदीचं पाणी भरलं आणि दिवसभर खिडकीच्या गजांवर चढवून-उतरवून बघितलं.

आणखी एक. मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर एवढं पाणी, म्हणून खालची जागा गार राहते. हे ऐकल्यावर पोरं वर जाऊन पाणी आणि खाली येऊन छत अशा चकरा मारतात. मे महिन्यात धार बारीक असते, कधी नसतेही. ते पोरांना आधीच सांगून ठेवा. आवारातला वड प्रचंड आहे, त्याच्याखाली डबा खायचा.

दोनशिफ्ट

सगळं वाचून छान वाटलं, पण आमच्यासारख्यांचं काय? मी वाळूजला कामाला, बायको शेंद्र्याला. माझी शिफ्ट फिरती असते. सकाळी सहाला कुणी टेकडीवर नेणार? आमचे आईवडील गावाकडं. कॅम्पला आम्ही हौसेनं पाठवत नाही, तेवढे तीन तास कुणीतरी लेकराकडं बघतंय म्हणून पाठवतो. कॅम्पला नावं ठेवताना याचाही विचार व्हावा.

अंगणवेल

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. कॅम्पला पाठवणाऱ्यांना मी दोष देत नाही. गल्लीनं मिळून करायचं म्हणते ते याचसाठी.

आमच्या गल्लीत पाच घरांनी दुपारची पाळी सुरू केली आहे. वारानुसार एकेका घरी बारा ते चार पोरं जमतात. ज्या घरी आईवडील दोघं नोकरीला, त्यांची पाळी रविवारी किंवा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. येताना प्रत्येकानं आपली पाण्याची बाटली आणि डबा आणायचा, म्हणजे यजमान घरावर स्वयंपाकाचा भार नाही. टीव्ही बंद. पहिला तास पत्ते, सापशिडी, चिंचोक्यांचा पट. मग खाली सतरंजी टाकून सगळ्यांनी आडवं व्हायचं. झोपलं नाही तरी चालेल, पण आवाज नाही. उठल्यावर चित्रं, मातीकाम, नाहीतर गोष्ट.

हडकोवाली

दुसऱ्याच्या घरी लेकरू ठेवायचं म्हणजे माझा जीव घाबरतो, विशेषतः मुलगी असली की. ओळख असली तरी. हे बोलायला अवघड आहे, पण बोललंच पाहिजे.

अंगणवेल

बोललात ते बरं झालं, आम्हीही आधी यावरच बोललो. दुपारभर दोन मोठी माणसं घरात हवीत आणि ती एकाच कुटुंबातली नकोत. पोरं बाहेरच्या खोलीत, दार उघडं, जाळीचं दार लावलेलं. ज्या आईला वाटेल तिनं न सांगता कधीही यायचं, कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि लेकरू नाही म्हणालं तर त्या घरी पाठवायचं नाही, कारण विचारत बसायचं नाही. हे आम्ही कागदावर लिहून पाचही घरांत लावलंय.

परभणीची_आजी

तुमच्या पोरांना दुपारी काय करू विचारायची वेळ येती, कारण घरात काही चाललेलंच नसतं. आमच्या येळेला उन्हाळा म्हणजे वाळवण. शेवया, कुरडया, खारोड्या, सांडगे, उडदाचे पापड. लेकरं आपोआप कामाला लागायची.

आता मी इथं लेकाकडं सिडको-हडकोतल्या एन-नऊला आहे आणि दरवर्षी कुरडया करते. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचा, गाळायचा, चीक रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं, आधणात मीठ घालून चीक सोडायचा आणि हाटत राहायचं. गुठळी झाली की संपलं. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसायला लागतो, तव्हा झाला म्हणायचं. नातवंडं तोवर ताटल्या घेऊन बसलेली असतात. गरम चिकात कुणाला दूध-साखर, कुणाला तेल आन् तिखट. बाकीचा सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या.

लहान्यांनी ओल्या कुरडईला हात लावायचा नाही. त्यांचं काम कावळे हाकलायचं. मोठ्यांनी संध्याकाळी कुरडया उलथायच्या, तुटलेल्या वेगळ्या काढायच्या. शेवयांचं तर लेकरं लै मन लावून करतात. भिजवलेल्या पिठाचा चिकट गोळा हातात दिला की तास तास बसतात.

नळाची_वाट

पाण्याबद्दल लिहायलाच हवं. काही सोसायट्यांत गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर रबरी टब भरून पोरांना सोडायचे. पोरांना मजा येते हे कबूल, पण आपल्याकडं जायकवाडीचं पाणी घरात कितीतरी दिवसांनी येतं आणि शेजारच्या गल्लीत बायका टँकरची वाट बघत उभ्या असतात. ते चित्र बघत पोरांनी पाणी उडवावं, हे मला पटत नाही.

पोहायचंच असेल तर महापालिकेचा सिद्धार्थ उद्यानातला जलतरण तलाव आहे, तिथं चौकशी करून शिकायला घाला. घरी पाण्याशी खेळायचं तर आंघोळीचं पाणी बादलीत साठवा. त्यात काय बुडतं, काय तरंगतं ते बघू द्या: बटाटा, लिंबू, सोललेलं लिंबू, पितळी वाटी, रिकामी डबी. मग तेच पाणी पोरांनी मगानं कुंड्यांना आणि दारातल्या कडुलिंबाला घालायचं. गच्चीत पाखरांसाठी पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला, आत एक दगड ठेवा म्हणजे चिमणीला बसता येतं. हे काम सहा वर्षांच्या पोराला सोपवून द्या.

वॉर्डातली_ताई

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मे महिन्यात जे येतं ते बघून लिहिते.

पोर खेळात असलं की तहान विसरतं. मागेल तेव्हा देऊ असं म्हणू नका, दर अर्ध्या तासानं दोन-चार घोट द्या. पन्हं, ताक, लिंबू सरबत उत्तम. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही. आईनं मात्र भरपूर प्यायचं.

पोर सुस्त झालं, अंग तापलं, सात-आठ तास लघवी झाली नाही किंवा बरळायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं मान, काखा, जांघा पुसत राहा आणि तसंच दवाखान्यात न्या.

बागेत गेल्यावर घसरगुंडीला आधी आपला तळहात लावून बघा. पत्र्याची असेल तर संध्याकाळी सहालाही पोळते.

आणि कूलर! लोखंडी कूलरला ओल्या हातानं पोर शिवतं आणि शॉक बसतो. पाणी भरताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. पाळीच्या घरांच्या यादीत हा नियमसुद्धा लिहा.

शाळेतला_सर

शून्य सावलीचा दिवस अजून कुणी लिहिला नाही, आश्चर्य आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्या वेळी जुलैत आभाळ भरलेलं असतं, त्यामुळं मे महिन्यातला दिवस चुकवू नये. संभाजीनगर आणि जालन्याला १९-२० मे, नांदेड-परभणीकडं १६-१७ मे, लातूरला १३-१४ मे. आपल्याकडं ती वेळ दुपारी साधारण १२ वाजून २५ मिनिटांची. घड्याळाच्या बाराला नाही, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

गच्चीवर सपाट जागी स्टीलचा पेला, पीव्हीसी पाइपचा तुकडा, बाटली उभी ठेवा. पोरांना बारा-वीसला टोप्या घालून वर न्या, दहा मिनिटांत खाली आणा. सावली आखडत आखडत पेल्याच्या बुडात जाते. पाइपातून बघितलं तर प्रकाशाचं गोल वर्तुळ थेट जमिनीवर. मात्र पाइपातून वर सूर्याकडं कुणीही बघायचं नाही, हे दहा वेळा बजावा.

आदल्या आठवड्यापासून रोज त्याच वेळी खडूनं सावलीचं टोक आखून ठेवलं तर पोरांना त्यात फार गोडी लागते.

आणि रात्र मोकळी आहे की. मे महिन्यात नवाच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला वर असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढं न्या, नारिंगी स्वाती सापडते, आणखी पुढं चित्रा. ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी वर. मूठ मोजून तारा सापडला की पोरं दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला दाखवत फिरतात. उशिरापर्यंत जागलात तर आग्नेयेला विंचू वर येतो, त्याच्या छातीशी लाल ज्येष्ठा.

मळ्याकडची

सुट्टीत बरीच लेकरं मामाच्या गावी जातात. माझं माहेर अंबडकडं. एक कळकळीची विनंती, शेततळ्याजवळ लेकरांना एकटं सोडू नका. विहिरीची भीती सगळ्यांना असते, तळ्याची वाटत नाही. आतला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. कडेला दोर बांधून आत सोडलेला असावा, कुंपण असावं. नसेल तर मामाला भांडून करून घ्या. दरवर्षी आपल्याच भागातल्या बातम्या येतात आणि त्या वाचवत नाहीत.

दोनशिफ्ट

रविवारी गाडी काढून वेरूळला न्यावं म्हणतोय. पोरगी पाच वर्षांची. मे महिन्यात जमेल का?

खापरीनळ

जमेल, पण सकाळीच. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड असलेल्या कड्यात आहेत, त्यामुळं सकाळी कैलासचं अंगण सावलीत असतं. दुपारनंतर तेच तापतं. उजाडता उजाडता निघा, तीस किलोमीटर तर आहे. सोळा नंबरचं लेणं बघा आणि दहाच्या आत परत फिरा. चौतीस लेणी बघायचा हट्ट नको. पोरीला एवढंच सांगा की हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय. मग तिला हत्ती शोधू द्या, पायाशी रांगेनं उभे आहेत. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मंगळवारी वेरूळ बंद असतं, रविवार असल्यानं तुम्हाला अडचण नाही.

हडकोवाली

देवगिरी किल्ला?

खापरीनळ

उन्हाळ्यात लहान पोरांना घेऊन नाही. पायऱ्या तापतात, अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारात, पोरं घाबरतात, अर्ध्यातून परत फिरणंही सोपं नाही. हिवाळ्यात न्या. म्हैसमाळचा डोंगर मात्र सकाळी बरा असतो, वारा असतो.

शहरातल्या शहरात दरवाजे मोजायचा खेळ करा. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, उरलेत थोडे. सकाळी स्मार्ट बसनं किंवा रिक्षानं भडकल, मकई, दिल्ली, रंगीन. प्रत्येक ठिकाणी पोरानं दरवाज्याचं एक चित्र काढायचं. भडकल दरवाजा मलिक अंबरनं बांधला, हे सांगितलं की पाणचक्कीची गोष्ट जोडली जाते.

पुस्तकाचा_किडा

समर्थनगरचं विभागीय ग्रंथालय आणि औरंगपुऱ्यातलं बलवंत वाचनालय विसरू नका. पोराला स्वतःचं पुस्तक स्वतः निवडू द्या. जाड, कंटाळवाणं निवडलं तरी नाही म्हणू नका. आणि परतीची तारीख त्यालाच कॅलेंडरवर लिहू द्या.

हडकोवाली

संध्याकाळचं माझं म्हणणं. लगोरी, डबडा ऐसपैस, आबाधुबी हे सगळं खेळायला मोकळी जागा लागते. आमच्याकडची मोकळी जागा चारचाकींनी भरली आहे. पोरं गाड्यांच्या मधून पळतात आणि मागं घेणाऱ्या गाडीला दिसत नाहीत.

अंगणवेल

आमच्याकडंही तेच होतं. सहा ते आठ एवढाच वेळ गाड्या बाजूच्या रस्त्याला लावा, अशी विनंती घेऊन आम्ही घरोघर गेलो आणि बोलायला पोरांना पुढं केलं. सगळ्यांनी ऐकलं नाही, पण कोपरा मोकळा झाला, लगोरीला तेवढा पुरतो. आता समोरच्या काकाच पोरांना विटीदांडू शिकवतात. विटीचा खेळ मात्र मोठ्या पोरांचा, लहान्यांना लांब बसवून.

बरं, आता ठरवूया. येत्या रविवारी दोनशिफ्ट वेरूळला जातायत, बाकीच्यांनी आजींकडं गच्चीवर यायचं का? हिमायतबाग त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे सगळ्यांना जमेल. पिशव्या मी शिवते, जुन्या ओढण्या कुणाकडं असतील तर द्या.

दोनशिफ्ट

वेरूळ पुढं ढकलतो. पोरीनं चीक कधी खाल्लेला नाही. आणि पाळीत आम्हालाही घ्या, माझी सुट्टी ज्या दिवशी येईल त्या दिवशीची दुपार आमच्याकडं. दुसरं मोठं माणूस म्हणून कुणी येईल का?

हडकोवाली

मी येते. माझी मुलगी पण आणते.

परभणीची_आजी

गहू बुधवारी भिजवते. शनिवारी वाटून गाळते. रविवारी साडेपाचला चीक शिजायला लागंल, सहाच्या आत या, ऊन चढायच्या आधी कुरडया घालून व्हायला पाहिजेत. ताटल्या-चमचे घरून आणा, भांडी घासायला माझ्याकडं पाणी नाही. लेकरांच्या टोप्या विसरू नका. सोऱ्या दाबायला दोन गडीमाणसं लागतील.

दोनशिफ्ट

मी आहे.

शाळेतला_सर

मीपण येतो. येताना खडू आणतो, सावलीची पहिली खूण आजींच्या गच्चीवरच आखू.